बॉयलर, बाबा आणि माझं तिकीट

फोंडा, मे महिना

कॅनडात शिकतो तिथून घरी आल्यावर पहिले काही दिवस नुसते मानकुराद आंबे आणि झोप यात गेले, माझं कॅलगरी आपल्या साडेअकरा तास मागे (हिवाळ्यात साडेबारा) त्यामुळे रात्री टक्क जागा. आज लिहायला बसलो कारण दुपारी शेजारचा पोरगा आला, दादा तुझा तो पॉवर इंजिनिअरिंगचा कोर्स कसा आहे, मी पण अप्लाय करू का म्हणून. बारावी झालीय, आईने एजंट पण गाठलाय.

त्याला पहिलं सांगितलं की हा डिग्रीवाला कोर्स नव्हे. बॉयलर, टर्बाइन, पंप, कॉम्प्रेसर, रेफ्रिजरेशन हे सगळं शिफ्टमध्ये सुरक्षित चालवायचं काम. आणि तिथे डिप्लोमापेक्षा तिकीट बघतात, म्हणजे सर्टिफिकेट, फिफ्थ क्लासपासून वर चढत फर्स्टपर्यंत. ती परीक्षा कॉलेजची नसते, अल्बर्टात, म्हणजे कॅलगरीच्या प्रांतात, एबीएसए ही बॉयलर-सुरक्षेची संस्था घेते, पास व्हायला 65 टक्के, फोर्थला दोन पेपर, थर्डला चार. पण नुसते पेपर देऊन भागत नाही, प्लांटवर काढलेला वेळ मोजतात, स्टीम टाइम म्हणतात त्याला. कॉलेजमुळे थोडी सूट मिळते पण पहिली नोकरी मिळवणं हेच सगळ्यात कठीण, आणि बरेच प्लांट शहरापासून कुठच्या कुठे लांब, फोर्ट मॅकमरीकडे तर जमिनीत वाफ सोडून डांबरासारखं घट्ट तेल पातळ करून वर काढतात, तिथे वाफ थांबली की सगळंच थांबलं.

मला हे काम मनापासून आवडतं. उणे तीसमध्ये हॉस्पिटल गरम ठेवणारा माणूस खाली बॉयलर रूममध्ये उभा असतो आणि वर कोणाला त्याचं नावही माहीत नसतं.

माझे बाबा तसेच. कुंडईला औषधाच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते, पणजीला परीक्षा देऊन सर्टिफिकेट काढलेलं, सगळी हयात वाफेत गेली. काल रात्री जेवून सोप्यावर बसलो होतो तर मी त्यांना लॅबमधली गेज ग्लासची (बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच) टेस्ट सांगायला लागलो, आधी वॉटर कॉक बंद करून ड्रेन उघडायचा, वाफ जोरात आली म्हणजे वरची वाट मोकळी, मग स्टीम कॉक बंद करून वॉटर कॉक उघडायचा आणि पाण्याची वाट मोकळी आहे का ते बघायचं, शेवटी दोन्ही कॉक उघडून ड्रेन बंद केला की पाणी झटकन पातळीवर यायला हवं, सावकाश चढलं तर कुठेतरी गाळ अडकलाय. बाबा शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "आणि काचेत पाणीच दिसत नसलं तर?" मी म्हटलं आग बंद, पाणी अजिबात सोडायचं नाही. ट्यूब लाल झालेल्या असू शकतात, पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पट फुगतं, मग पुढे काय होणार ते सांगायलाच नको. बाबा म्हणाले, "बरं शिकवलंय." एवढंच. पण त्यांच्या तोंडून हे ऐकायला मला फार बरं वाटलं, फीचं कर्ज डोक्यावर असताना तर जास्तच.

पैशाचंही त्या पोराला स्पष्ट सांगितलं. राहण्याखाण्याचे म्हणून दाखवायचे पैसे 2024 मध्ये 20,635 डॉलर केले, त्याच वर्षी स्टडी परमिटच्या संख्येवर मर्यादा आली, नोव्हेंबरपासून कॉलेजवाल्यांना शिक्षणानंतरच्या वर्क परमिटसाठी विषयाची अट लागली. नियम बदलत राहतात, तेव्हा एजंटच्या तोंडाकडे बघू नको, कॅनडा सरकारच्या साइटवर स्वतः वाच आणि मग आईला कर्ज काढायला सांग.

बाबा आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, फॉर्म भरायच्या आधी एकदा बॉयलर हाउस बघ रे, मे महिन्यात तिथे तासभर उभा राहिलास तर कळेल तुझं तुलाच. जुन्या सुपरवायझरला फोन पण लावला. परवानगी मिळाली तर सोमवारी सकाळी तिघेही जाऊ, त्याला बूट आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालून यायला सांगितलंय.