उपसरपंचातला उप

"गोव्यात मराठी नाटकं करणारे तुम्ही म्हणजे एक सबकल्चरच ना?" पुण्यामुंबईचे पाहुणे विचारतात. मी तोंड वाकडं केलं की, "त्यात वाईट वाटण्यासारखं काय?" विचारलंत म्हणून सांगतो.

शब्द मला परका नाही. म्हापशाच्या लॅबमध्ये मी रोज सबकल्चर करतो. प्लेटवर सरमिसळ उगवलेल्या जिवाणूंतली एक कॉलनी लूपनं, म्हणजे तारेच्या कडीनं, उचलायची, ताज्या अगारवर, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याच्या थरावर, रेघा ओढायच्या, रात्रभर ३७ अंशांत ठेवायची. जुन्या प्लेटवरचं खाद्य संपतं, ती सुकते. टिकतं ते नवीवरचं. तिथं 'सब' म्हणजे दुय्यम असं कुणी मानत नाही.

माणसांबाबतचा अर्थ नंतर वाचला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मिल्टन गॉर्डननं १९४७ साली वर्ग, वंश, प्रदेश, धर्म, खेडं-शहर यांच्या मिश्रणातून घडणारा राष्ट्रीय संस्कृतीचा पोटविभाग म्हणून तो मांडला. १९७९ मध्ये ब्रिटिश अभ्यासक डिक हेब्डिजला पंक संगीतवेड्या पोरांच्या सेफ्टी पिनेत बंड दिसलं. बंड म्हटलं की समोर कुणीतरी मुख्य हवाच.

एवढं वाचून मला माज चढला. डिचोलीकडच्या आमच्या गावात काल्याच्या रात्री निवेदनाला मीच होतो. "आमची ही उपसंस्कृती" म्हणत पाच मिनिटं झोडलं. टाळ्या पडल्या. नाटक संपल्यावर रंगपटात गेलो. बाबा खोबरेल लावून कापसानं रंग पुसत होते. एक भुवई तेवढी राहिली होती. आरशातूनच विचारलं, "उप म्हळ्यार कितें रे? उपसरपंचाचो उप?"

हसत नव्हते. चाळीस वर्षं त्याच मांडवात स्त्रीपार्ट केलेला माणूस. मी म्हटलं, तसं न्हय, शास्त्रांतलें उतर (शब्द) तें.

"मागीर मुखेल खंय आसा?"

मग मुख्य कुठं आहे? मला उत्तर देता आलं नाही. मुख्य पुण्यात? की पणजीत, जिथं १९८७ च्या कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामात वापरायची मुभा मिळाली? बाबा घरी कोंकणी बोलायचे, आरती मराठीत म्हणायचे, नाटकात मराठीतच रडायचे. त्यात कोण कुणाचं उप?

पुढच्या वर्षी ते नाटकात उभे राहिले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. गुडघे दुखत होतेच. मी तेवढ्यावरच विश्वास ठेवायचं ठरवलं.

म्हणून चिडतो. पण खरं सांगायचं तर हणजुणच्या ट्रान्स संगीताच्या पार्ट्यांना मीही बिनदिक्कत सबकल्चर म्हणतो, तिथल्या कुणाला विचारत नाही. मध्यंतरी एका अर्जात आमच्या नाटकाला 'लोकपरंपरा' लिहून मोकळा झालो. बाबा असते तर त्यांनी त्या 'लोक'चाही हिशेब मागितला असता. आणि शब्दच नको म्हणावं, तर पाहुण्यांना सांगायचं तरी काय?

यंदा निवेदन पुन्हा माझ्याकडंच आलंय. नाटकाचं नाव नि पात्रं सोडून अजून एक ओळ लिहून झालेली नाही.