माजघर कुठे गेलं?

आईला पहिल्यांदा ‘हेरिटेज’ हॉटेलात नेलं तेव्हा दारातच एक जातं मांडलेलं होतं. वरच्या तळीवर गुलाबाच्या पाकळ्यांची नक्षी आणि खुंट्याच्या भोकात मेणबत्ती. माझ्या नवऱ्याने लगेच फोटो काढला. आईने वाकून तळी थोडी उचलून बघितली, खालून बोट फिरवलं आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं, “याला टाकी कधी लावली होती रे शेवटची?”

“रोज पुसतो आम्ही, आजी,” तो म्हणाला.

टाकी लावणं म्हणजे छिन्नीने ठोकून दगड पुन्हा खरबरीत करणं. आई काही बोलली नाही. खोलीकडे जाताना जिन्यात मला म्हणाली, “गुळगुळीत झालंय. त्यात काही दळलं जायचं नाही.” जणू सकाळी कोणी पायली घेऊन दळायला बसणारच होतं.

तेव्हापासून सुट्टीला जुन्या घरात उतरायचं ठरलं की आम्ही आईला बरोबर नेतो. या घरांचा गाईड तिच्यासारखा दुसरा मिळायचा नाही. खोलीत शिरली की सामान ठेवायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला असतो, “ही खोली आधी कसली होती?” हॉटेलवाल्यांची उत्तरंही ठरलेली असतात. दिवाणखाना, बैठकीची खोली, रावसाहेबांची कचेरी, पाहुण्या साहेबाची खोली. “इथे बायका तांदूळ निवडायच्या” असं मी तरी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आईचा हिशोब मात्र सोपा आहे. घर एवढं मोठं, म्हणजे पंगतीला पंचवीस-तीस पानं. मग चूल कुठे होती? कोठीची खोली कुठे? लोणच्याच्या बरण्या कुठल्या फडताळात ठेवायचे? आणि माजघर कुठे गेलं?

जन्मापासून हॉटेल असलेल्या इमारतींना हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. मुंबईचं ताज १९०३ साली सुरू झालं ते हॉटेल म्हणूनच. समोरचं गेटवे ऑफ इंडिया पुरं व्हायला १९२४ उजाडलं, म्हणजे हॉटेलच थोरलं. तिथे स्वयंपाकघर पाहुण्याच्या नजरेआड असणं हे नकाशातच धरलेलं. पण घराचं हॉटेल होणं म्हणजे दत्तक जाणं. नाव बदलतं, गोत्र बदलतं आणि काही नातेवाईकांचा उल्लेख टाळावा लागतो.

दत्तक जाण्याची कारणं जवळपास सगळीकडे सारखी, छप्पर राखायला पैसे नाहीत. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले आणि मग राजवाडे हॉटेलं झाले, असं आपण सरसकट म्हणतो. पण जयपूरचा रामबाग त्याच्या बराच आधी, १९५७ साली हॉटेल झाला होता आणि उदयपूरच्या पिछोला तलावातला जगनिवास १९६३ साली. वारा कुठल्या दिशेने वाहतोय हे काही राजांना आधीच कळलं होतं. जोधपूरचा उमेदभवन तर १९२९ साली दुष्काळी कामासारखा बांधायला काढला, लोकांच्या हाताला काम म्हणून. तो पुरा झाला १९४३ साली, म्हणजे राजेपण उरलं होतं चार-सहा वर्षांचं. खोल्या साडेतीनशेच्या घरात! आई म्हणाली, “झाडायला किती बाया लागत असतील?” मी तिला राजस्थानी शिल्पकलेबद्दल सांगत होते.

उदयपूरला आम्ही तलावाकाठच्या एका हवेलीत उतरलो. जगनिवासाकडे काठावरून बघायला पैसे पडत नाहीत. आमची खोली जनान्यातली होती आणि पुरुषांकडच्या खोल्यांपेक्षा महाग होती, कारण तिला झरोका होता. ज्या बाईला कोणी बघू नये म्हणून दगडाला एवढी बारीक जाळी पाडली, तिच्या त्या जाळीचे आता ‘लेक व्ह्यू’ म्हणून रात्रीमागे दीड हजार जास्त. जनान्यातलं स्वयंपाकघर कुठे होतं, ते कोणालाच सांगता आलं नाही. तिथे स्पा होता.

पणजीला फोंतेन्हासमध्ये एका जुन्या पोर्तुगीज घरात राहिलो तेव्हा आई पहिल्यांदा थोडी गोंधळली. आपल्या वाड्याचं अंगण घराच्या पोटात असतं. रस्त्यावरून दिसतो तो दिंडी दरवाजा आणि भिंत. गोव्याच्या हिंदू घरांतही राजांगण आतच, तुळस मधोमध. फोंतेन्हासची घरं मात्र रस्त्याकडे तोंड करून, रंग लावून, सज्जात येऊन उभी. चुन्याचा पांढरा देवळाला म्हणजे चर्चला, बाकीच्यांनी पिवळा, निळा, काव काहीही लावावा, अशी पोर्तुगीज काळातली रीत. खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या. दुपारी त्यांतून उजेड येतो तो ताकात कालवल्यासारखा, ऊन असं म्हणताच येत नाही. आई त्या उजेडात बराच वेळ नुसती बसून होती. मग उठली आणि नेहमीचा प्रश्न विचारायला खाली गेली. झाडलोट करणारी एक वयस्कर बाई भेटली. तिने आईला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं आणि लिनन ठेवायच्या खोलीचं दार उघडून म्हणाली, “हांगा रांदचीकूड आशिल्ली.” म्हणजे स्वयंपाकघर इथे होतं. भिंतीचा वरचा भाग अजून काळा होता. रंगाचे दोन-तीन हात देऊनही काजळी वर आली होती. दोघी तिथे अर्धा तास बोलत होत्या, एक कोकणीत, एक मराठीत, आणि दोघींचं एकमत होतं. कशावर, ते मला सांगितलं नाही.

माथेरानला उलट. तिथल्या साहेबी आणि पारशी बंगल्यांत स्वयंपाकघर मुळात घरात नव्हतंच. धूर नको, वास नको आणि खानसामाही फार जवळ नको, म्हणून बावर्चीखाना मागे वेगळा, मधून छपराची पाऊलवाट. ताटल्या त्या वाटेने व्हरांड्यापर्यंत येईतो निवत असणार. ह्यू मॅलेट या इंग्रज कलेक्टरने १८५० साली हा डोंगर ‘शोधला’ म्हणतात. खाली गावात आणि वर जंगलात माणसं राहत होती त्यांना तो हरवलाय हे माहीत नव्हतं, एवढंच. आम्ही उतरलो त्या बंगल्यात बावर्चीखान्याचा ‘फॅमिली कॉटेज’ झाला होता आणि तो आम्हाला मिळाला. आई खूश! “चला, एकदाची नीट जागी उतरवलं.”

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिचा मनस्ताप आम्ही गावोगाव भोगला आहे. अशा प्रत्येक घरातली मोरी म्हणजे संडास-बाथरूम ही नंतरची असते. जुन्या घरात खोलीला जोडून संडास ही कल्पनाच किळसवाणी वाटली असती. मग आता ती आणायची कुठून? दोन खोल्यांच्या मधल्या कोठडीतून किंवा देवघरातून किंवा अडगळीतून. आणि नळ्यांना उतार हवा म्हणून तिथली जमीन वीतभर उंच करतात. म्हणून मोरीच्या दारात एक पायरी असते. रात्री दोन वाजता तिथे अंगठा ठेचकाळला नाही असा पाहुणा नाही. भिंती अडीच-अडीच फुटी, त्यात वायर खोदून घालता येत नाही, म्हणून बटणं पलंगापासून मैलभर लांब. फोनला रेंज नाही. दारं बुटकी. नवऱ्याच्या कपाळावर पाच राज्यांतल्या उंबरठ्यांच्या वरच्या चौकटी उमटल्या आहेत. आई म्हणते, “वाकून यायला काय होतं?” ती स्वतः पावणेपाच फूट आहे.

पर्यटन मंत्रालयाच्या लेखी हेरिटेज हॉटेल व्हायचं तर वास्तू १९५० च्या आधीची हवी. हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, “म्हणजे मीही बसते की. माझं अठ्ठेचाळीसचं.”

महेश्वरला मात्र तिने प्रश्न विचारला नाही. तिथल्या किल्ल्यात होळकरांच्या वंशजांनी चालवलेलं हॉटेल आहे. त्याचा दर बघून आम्ही नर्मदेला नमस्कार केला आणि गावात एका साध्या ठिकाणी उतरलो. पण किल्ल्यातला अहिल्याबाईंचा वाडा बघायला जाता येतं. १७६७ साली कारभार हाती घेतल्यावर त्यांनी इंदूर सोडून महेश्वरला बस्तान हलवलं आणि १७९५ साली जाईपर्यंत राज्य केलं ते इथून. मी संगमरवराच्या तयारीने गेले होते. समोर लाकडी खांब, सोपा, कौलं आणि पांढरी चादर घातलेली साधी गादी. आई म्हणाली, “अगं, हा तर आपलाच वाडा.” आणि सोप्याच्या कडेला टेकून बसली. तिथे रोज सकाळी मातीची हजारो छोटी शिवलिंगं वळतात, पूजा करतात आणि नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंच्या वेळेपासूनचा नेम. ते वळणारे हात बघताना तिचेही हात मांडीवर हलत होते, वातींसारखे काहीतरी वळल्यासारखे. इथे बाईच गादीवर बसत होती. तिची जागा शोधायला मागच्या दारी जावं लागलं नाही.

आपला वाडा असं ती म्हणाली खरी, पण आपला वाडा आता नाही. सातारा जिल्ह्यात होता, दोन चौकी, माळवदाचा. उताऱ्यावर अकरा नावं होती आणि अकरा सह्या गोळा होईतो मागचा चौक तीन पावसाळ्यांत बसला. मग पुढचाही उतरवला. खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने ट्रकमधून नेल्या. त्या वेळी आम्हाला हायसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? त्या घरात संडासाला जायचं म्हणजे कंदील घेऊन परसाच्या टोकाला जायचं. माळवदाची माती दर वैशाखात चोपावी लागायची. आम्ही मुलं शहरात गेलो ती सुखाने गेलो. हॉटेलातल्या प्रत्येक कोरीव खांबाला मी हल्ली हळूच हात लावून बघते. आमच्या सोप्यातल्या तिसऱ्या खांबाला, माझ्या चुलतभावाने चाकूने ‘र’ कोरला होता. अजून तरी सापडलेला नाही. एका ठिकाणी बारच्या काउंटरला तसाच खांब होता, पण त्याच्यावर ‘र’ नव्हता आणि बिअर होती चारशेची.

गेल्या डिसेंबरात कृष्णाकाठच्या एका वाड्यात गेलो. नाव सांगत नाही, कारण तक्रार सांगायची आहे. बुक करताना दोन खोल्या घेतल्या होत्या, एक वरची, गॅलरीवाली आणि आईसाठी खालची, तिला जिना नको म्हणून. संकेतस्थळावर खालच्या खोलीचं नाव ‘कोझी हेरिटेज रूम’ होतं आणि ती बरीच स्वस्त होती. प्रत्यक्षात बघतो तर तिला खिडकीच नाही. अगदी एकही नाही. दार बुटकं, भिंती जाड, एका भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर एक कोनाडा, त्यात आता इलेक्ट्रिकचा मंद दिवा. दुसऱ्या भिंतीत उंदराच्या बिळाएवढा झरोका. मी तावातावाने खाली-वर केलं. फोटोत खिडकीसारखं दिसलं होतं तो आरसा होता. मॅनेजर हात जोडून सांगत होता की हाऊसफुल्ल आहे, मॅडम, ख्रिसमसची गर्दी आहे.

मी परत आले तर आई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. “कशाला भांडतेस? चांगली आहे खोली.”

“खिडकी नाहीये, आई.”

“नसणारच. बाळंतिणीची खोली आहे ही.” तिने कोनाड्याकडे बोट दाखवलं. “तिथे दिवा. बाजेवरनं हात पोचेल असा खाली. बाजेखाली शेगडी. त्या झरोक्यातनं धुरी बाहेर जायची. आणि ते दार आहे ना, बाथरूमचं, ती न्हाणी. चुलवणावर पाणी तापत असणार बाहेरच्या बाजूला.” मग थोडं थांबून म्हणाली, “ओव्याचा वास पाहिजे फक्त.”

मला आमच्या वाड्यातली तशी खोली आठवली. आम्हा मुलांना तिकडे फिरकायला बंदी असे. मला ती अंधारकोठडी वाटायची. मी जन्मले ती तिथेच आणि माझे दोन्ही भाऊही.

“गुदमरायला होत नसे तुला?”

“पहिले दोन दिवस,” ती म्हणाली. “मग बरं वाटायचं. त्या घरात लग्न होऊन आले ती पहाटे साडेचारला उठत होते. दुपारी आडवं व्हायचं तर सासूबाई निजल्यात का ते आधी बघायचं. ह्या एका खोलीत तेवढं नव्हतं. बाळंतिणीला उठवायचं नाही म्हणजे नाही. सासूबाई स्वतः दाराशी बसून बाकीच्यांना दटवायच्या. सव्वा महिना. तीनदा.” तिने बोटं मोजली. “साडेतीन-चार महिने झोपले असेन मी त्या घरात, सगळं मिळून.”

तिने एसी बंद करायला लावला. पांघरूण डोक्यापर्यंत ओढलं आणि कोनाड्यातला दिवा तेवढा राहू दे म्हणाली. तो मंद दिवा विझवायचं बटण तसंही आम्हाला सापडलेलं नव्हतं.

सकाळी सात वाजता मी चहाला बोलवायला गेले. आई रोज पाचला उठते, इतकी वर्षं मी तिला उशिरापर्यंत झोपलेली पाहिलेली नाही. आतून काही आवाज नाही. मी बुटक्या दारातून वाकून बघितलं. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन ती गाढ झोपली होती. आठ वाजले. साडेआठ झाले. अंगणात नाश्त्याच्या टेबलांवर मिसळीचा वास सुटला होता. मॅनेजर येऊन म्हणाला, “आजींना उठवता का? साडेदहाला नाश्ता बंद होतो.”

मी खुर्ची ओढली आणि तिच्या दाराशी बसले.