पोस्टकोड आमचा, गरज तिची

लेकीच्या मेडिकलच्या अर्जाची तयारी चालू होती. सहज म्हणून आमचा पोस्टकोड ऑफिस फॉर स्टुडंट्सच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या उच्च शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, पानावर टाकला. पोलर4 नावाच्या मोजणीत भागांचे पाच गट असतात; आमचा पहिला. म्हणजे विद्यापीठात जाणाऱ्या पोरांचं प्रमाण आमच्या भागात सगळ्यात कमी. आम्ही नवरा-बायको दोघंही इंजिनिअर. इथं राहतो ते भाडं कमी आणि स्टेशन जवळ म्हणून, पण पोस्टकोडला ते काय कळणार? काही मेडिकल स्कूल हाही मुद्दा लेकीच्या बाजूनं धरणार होती.

मेडिकललाच अर्ज करणारी तिची मैत्रीण कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेनं कमी भाड्यानं दिलेल्या, घरात राहते, पण ते घर मोठमोठ्या बंगल्यांना चिकटून, त्यामुळे तिचा पोस्टकोड थेट पाचव्या, सगळ्यात वरच्या गटात. आई एकटी, घरात विद्यापीठ पाहिलेलं कुणी नाही, आणि शाळेत जेवण मोफत. तेव्हाच्या नियमानं युनिव्हर्सल क्रेडिट ही सरकारी मदत घेणाऱ्या घराची कमाई वर्षाला 7,400 पौंडांच्या आत असेल तरच ते मिळायचं.

"आई, माझी सवलत तिला नाही का देता येणार?" लेकीनं विचारलं. कशी देणार! पोस्टकोड अर्जातच असतो.

मग एका रविवारी त्या मैत्रिणीला घरी बोलावलं. यूकॅसच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक अर्जाच्या, फॉर्ममधला मोफत जेवणाचा प्रश्न तिनं कोराच सोडला होता. "लाज वाटते," म्हणाली. त्याच कारणावर यूकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची फीसुद्धा माफ होते. हिनं मात्र ती उन्हाळाभर दुकानात उभं राहून भरलेली. शाळेत कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. मला अजूनही आठवलं की राग येतो.

मेडिकलसाठी पर्याय चारच, आणि प्रत्येकाच्या अटी निराळ्या. संध्याकाळपर्यंत आम्ही नुसत्या अटी वाचत होतो. एक जागा पोस्टकोड बघते, दुसरी शाळेचे निकाल, तिसरी आईवडिलांचं शिक्षण. शेवटी साउदॅम्प्टन विद्यापीठाचा बीएम6 हा मेडिकलचा कोर्स सापडला: नेहमीच्या 5 वर्षांआधी पायाभरणीचं एक वर्ष, आणि ए-लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, तीन विषयांत बी ग्रेड पुरे. पात्रतेच्या यादीत मोफत जेवण होतं. तिला शिक्षकांनी एक ए, दोन बी असा अंदाज दिलेला. एरवी ज्या ग्रेडवर तिनं मेडिकलचा नाद सोडला असता, त्यांवर इथं दार उघडं होतं.

मुदत 15 ऑक्टोबरची. तिनं 13 तारखेला आमच्याच टेबलावर बसून मोफत जेवणाच्या रकान्यात 'हो' केलं. मग माझ्याकडे वळली. लेकीनं तिला 'काकू' म्हणायला शिकवलंय.

"काकू, हे वर्गात कुणाला दिसत नाही ना?"