गवत कापायच्या गाडीला रोल बार हवाच

चवथीच्या आठ दिवस आधी गोव्यात सावईवेऱ्याला घरी पोचलो, तेव्हा सगळ्या वाड्यावर ग्रास कटरचा आवाज घुमत होता. तीन महिन्यांच्या पावसात गवत कमरेला लागलेलं. गमबूट घातलेली, खांद्याला मशीन अडकवलेली पोरं अंगणं आणि कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागायतीच्या, वाटा साफ करत फिरत होती. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सामान यायच्या आधी घराभोवतालचं रान काढायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. पूर्वी कोयती असायची, आता पेट्रोलची यंत्रं आहेत, एवढाच फरक.

त्याच दिवशी संध्याकाळी माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, पेडण्याहून आला. तिथल्या एका हॉटेलच्या हिरवळीचं कंत्राट त्याने घेतलंय. त्याने मोबाइल पुढे केला. ‘‘हे बघ, तू ऑस्ट्रेलियात चालवतोस तसलं गवत कापायचं मशीन घेतोय. बसून चालवायचं. सेकंडहँड आहे, पण इंजिन बरं आहे.’’

फोटोत मी सगळ्यात आधी सीटच्या मागे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

‘‘दादा, याला बार कुठाय?’’

‘‘कसला बार?’’

तेव्हापासून पुढचे दोन दिवस आमच्या पडवीत याच विषयावर बोलणं चाललं होतं. ते नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण गोव्यात अशी मशीनं आता हॉटेलांच्या लॉनवर, मैदानांवर दिसू लागली आहेत आणि पुढे वाढतच जाणार आहेत.

मी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, सनशाइन कोस्टच्या मागच्या डोंगराळ भागात मलेनी गावाजवळ राहतो. माती आपल्यासारखीच तांबडी, पाऊस भरपूर, आणि जमीन सगळी चढउताराची. डिसेंबर ते मार्च गवत इतकं वाढतं की शनिवारी कापलेलं पुढच्या शनिवारी पुन्हा घोट्याच्या वर येतं. मी एका कंत्राटदाराकडे कामाला आहे. शाळांची मैदानं आणि रस्त्याकडेच्या पट्ट्या कापणं हे आमचं काम. कामावरची गाडी झीरो-टर्न असते, म्हणजे स्टीअरिंगच्या जागी दोन दांडे, मागची दोन चाकं इंजिनवर चालणारी आणि पुढची दोन खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरणारी. सपाट जागेवर हे मशीन जागच्या जागी वळतं. पण उतारावर मागच्या चाकांची पकड सुटली की ब्रेकही जातो आणि दिशाही जाते, कारण दोन्ही कामं तीच चाकं करतात. ही गाडी साधारण पाचशे किलोच्या घरात असते.

तिच्या सीटमागे उलट्या ‘यू’च्या आकाराचा लोखंडी बार असतो आणि कमरेला पट्टा. आमच्याकडे रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं उभ्याउभ्या बोलणं होतं. त्यात मुकादम एक गोष्ट न चुकता बघतो, बार उभा आहे का आणि पट्टा लावलाय का. पट्टा नसेल तर त्या दिवशी गाडी नाही. हा त्याचा वैयक्तिक चांगुलपणा नाही. तिथल्या कामाच्या सुरक्षेच्या नियमांप्रमाणे, माणूस बसून चालवतो ते यंत्र उलटण्याचा धोका कमी करणं आणि चालकाच्या बचावाची योग्य साधनं देणं ही मालकाची जबाबदारी आहे.

आणि शनिवारी हाच मी घरी यायचो आणि स्वतःच्या जुन्या गाडीवर बसायचो. सव्वादोनशे किलोची साधी लॉन ट्रॅक्टर, बार नाही, पट्टाही नाही. कामावर जो उतार मी बार आणि पट्ट्याशिवाय कधी कापला नसता, तसलाच उतार घरी टोपी घालून कापत होतो. पाच वर्षं मला यात काही विचित्र वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. आमच्या जागेच्या खालच्या अंगाला शेततळं आहे. त्याच्या काठाकडे उतरताना मागचे टायर ओल्या किकुयू गवतावरून घसरले. मी सवयीने स्टीअरिंग वळवलं, तिथेच चूक झाली. गाडी उताराला आडवी आली, खालच्या बाजूचं पुढचं चाक गुरांच्या खुरांनी झालेल्या खळग्यात गेलं आणि ती कलंडली. कलंडून थांबली नाही, पूर्ण पालथी झाली. मी वरच्या बाजूला फेकला गेलो, म्हणून हे लिहितोय. सीटखालच्या स्विचमुळे माझं वजन उठताच इंजिन बंद पडलं होतं. सगळीकडे एकदम शांत झालं. उठून पाहिलं तर स्टीअरिंगचं चाक चिखलात मनगटभर रुतलेलं होतं. मी सीटवर असतो तर त्या चाकाच्या आणि चिखलाच्या मध्ये माझी छाती असती.

बायको रात्रपाळी करून आत झोपलेली. घर दोनशे मीटरवर. मी ओरडलो असतो तरी तिला ऐकू आलं नसतं. हे मला आजही आठवतं, बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त. कामावर आम्ही निदान तिघं असतो. घरी माणूस एकटा असतो, आणि बार नेमका घरच्याच गाडीला नसतो.

बार काय करतो हे सांगायला हवं, कारण दादाला ती डोक्यावरच्या छपराची काठी वाटली होती. गाडी कलंडते तेव्हा बार आधी जमिनीला टेकतो. त्यामुळे ती बहुतेक वेळा आडवी होऊन थांबते, पालथी होत नाही. झालीच तरी बार आणि पुढचा भाग यांच्यामध्ये चालकापुरती पोकळी राहते, आणि पट्टा त्याला त्या पोकळीत धरून ठेवतो. पट्टा लावला नाही तर माणूस बाहेर फेकला जातो आणि तोच बार त्याच्यावर येऊ शकतो. म्हणून दोन्ही एकत्रच लागतात. उडी मारून सुटू, असं सगळ्यांना वाटतं. ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो तेव्हा सावरता येण्याची वेळ पाऊण सेकंदात निघून जाते, असं तिकडच्या शेती खात्यांच्या प्रशिक्षणात शिकवतात. पाऊण सेकंदात माणसाला काय होतंय ते कळतसुद्धा नाही.

हे ज्ञान नवं नाही. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना असा बार किंवा संरक्षक सांगाडा सक्तीचा केला, आणि पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून मरणं जवळजवळ संपलं. अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या, २० हॉर्सपॉवरपेक्षा मोठ्या शेती-ट्रॅक्टरांना नियम लागला, पण तो पगारी कामगार चालवत असेल तेव्हाच. स्वतःच्या शेतात स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्याला तो लागू नाही. त्याच देशात हाताने ढकलायच्या लॉन मोअरसाठी १९८२ पासून कायदा आहे, की दांडा सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे. बसून चालवायच्या मोअरला मात्र तो कायदा लागत नाही, तिथे उत्पादकांनी आपसात ठरवलेली मानकं चालतात. म्हणजे मागून चालणाऱ्याची बोटं कायद्याने वाचवली आणि वर बसणाऱ्याचा जीव उत्पादकाच्या मर्जीवर सोडला. मला हे पटत नाही.

ऑस्ट्रेलियातही घरगुती वापराच्या राइड-ऑनला, म्हणजे बसून चालवायच्या मोअरला, बारची सक्ती नाही. पण क्वाड बाइकचं उदाहरण तिथलंच आहे. शेतावर फिरायच्या या चार चाकी गाड्या उलटून माणसं मरत होती. वर्षानुवर्षं प्रशिक्षण, हेल्मेट, सूचना यांवरच भर होता. शेवटी ११ ऑक्टोबर २०२१ पासून नियम आला, की नवी क्वाड बाइक विकायची तर चालकाच्या संरक्षणाची चौकट बसवूनच विकायची. काही मोठ्या कंपन्यांनी विरोध केला, काहींनी तिथे क्वाड विकणंच बंद केलं. सरकार मागे हटलं नाही. हा नियम विकणाऱ्यावर आहे, त्यामुळे गाडी कामावर चालते की घरच्या शेतात, हा प्रश्नच उरला नाही. राइड-ऑन मोअरसाठी मला नेमकं हेच हवं आहे.

बाबांना हे सगळं ऐकून फारसं पटलं नाही. ते म्हणाले, ‘‘प्रत्येक गोष्टीला कायदा कशाला? उतारावर न्यायची नाही, संपलं.’’ बाबांनी चाळीस वर्षं कुळागर सांभाळलंय, पाटाचं पाणी आणि सुपारीचा उतार त्यांना पायांनी कळतो. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेतही लिहिलंच होतं, १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नका. मागच्या पानावर उतार मोजायला तिरकी रेषसुद्धा छापलेली होती, पान दुमडून डोळ्यासमोर धरायचं. पंधरा अंश म्हणजे दहा मीटर आडवं गेल्यावर सुमारे पावणेतीन मीटर चढ. ते पान मी एकदाही दुमडलं नव्हतं. आणि दुमडलं असतं तरी गवत ओलं आहे, खाली खळगा आहे, मागची गवताची पेटी भरून जड झाली आहे, हे त्या रेषेला कुठून कळणार? त्याच काठावरून मी त्याआधी शंभर वेळा सुखरूप गेलो होतो. सूचना माणसाला सावध ठेवते, पण शंभराव्या वेळेनंतर नाही.

झाडांचा मुद्दा दादाने काढला, आणि तो खरा आहे. चिकूच्या, आंब्याच्या खालच्या फांद्यांत उभा बार अडकतो. त्यासाठी दुमडता येणारे बार असतात. फांद्यांखाली जाताना खाली करायचा आणि तेव्हा पट्टाही काढायचा, कारण बार खाली असताना पट्ट्याने बांधलेला माणूस गाडीबरोबरच चिरडला जाईल. अडचण अशी की एकदा खाली केलेला बार कित्येक जण दिवसभर खालीच ठेवतात. याला कायद्याने इलाज होणार नाही, ते आमच्या मुकादमासारख्या माणसानेच बघायला हवं.

सरसकट प्रत्येक गाडीला बार लावा, असंही माझं म्हणणं नाही. शहरातल्या सपाट अंगणात फिरणारं छोटं, हलकं मशीन असतं. त्यावर जड बार चढवला तर गुरुत्वमध्य वर जाऊन ते उलट लवकर कलंडेल. युरोपच्या २००६ च्या यंत्रविषयक निर्देशात यावर नेमकं वाक्य आहे. बसून चालवायच्या यंत्राला उलटण्याचा धोका असेल तर संरक्षक सांगाडा हवाच, मात्र त्याने धोका वाढत असेल तर नको. वजन आणि वापर पाहून सीमा ठरवता येते.

दादाचा पुढचा विचार तर मला झोपू देईना. ‘‘बार नाही ना? म्हापशात आमचा वेल्डर आहे, दोन तासांत पाइप वाकवून देईल.’’ कृपा करून कुणी हे करू नका. कारखान्यातला बार ठरलेल्या जोराने ढकलून तपासलेला असतो, त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. तो किती वाकावा आणि कुठे तुटू नये हे ठरलेलं असतं. चासिसला कुठेही भोक पाडून जोडलेला पाइप पहिल्याच धक्क्यात जोडातून उखडू शकतो. माझ्या जुन्या गाडीसाठी असा तपासलेला बार मिळतच नव्हता. म्हणून तर तो विकतानाच बसवलेला हवा. नंतर माणूस शहाणा झाला तरी त्याच्या हातात काही उरत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न मोअरपेक्षा ट्रॅक्टरचा मोठा आहे. मोरडीवर, म्हणजे उंचावरच्या शेतांत, बांधांच्या कडेला, काजूच्या डोंगरावर ट्रॅक्टर चालतात आणि मला दिसतात त्यातल्या बहुतेकांवर बार नसतो. भारतात बनलेले ट्रॅक्टर परदेशात विकले जातात तेव्हा त्यांवर बार असतो, तिथे मी ते पाहिलेत. म्हणजे बनवता येत नाही असं अजिबात नाही. मळणी यंत्रांत हात तुटत होते म्हणून १९८३ साली आपल्या देशाने धोकादायक यंत्रांवर कायदा केला होता. आणि शेतीच्या यंत्रांवर सरकार अनुदान देतं, त्या अनुदानाला बार आणि पट्ट्याची अट घालायला नवा कायदाही लागणार नाही.

चवथीच्या दोन दिवस आधी मी दादाबरोबर त्या हॉटेलवर गेलो. वरची हिरवळ सपाट आहे, पण नदीकडे उतरणारा लांब पट्टा पाहून पोटात गोळा आला. मोबाइल एका सरळ फळीवर ठेवून उतार मोजला. २१ अंश आला, आणि खाली सरळ पाणी.

‘‘गाडी तू स्वतः चालवणार?’’ मी विचारलं.

‘‘मी कसला? पोरं चालवतील.’’

त्या दोन पोरांपैकी एक तिथेच उभा होता, विशीतला असेल. नव्या गाडीवर बसायला मिळणार म्हणून तो खूश होता. दादा त्याच्याकडे आणि त्या उताराकडे बराच वेळ बघत राहिला.

पाच दिवसांचा गणपती पोचवून आल्यावर दादाने ते सेकंडहँड मशीन नको म्हणून कळवलं आणि एका डीलरला फोन लावला. फोनवरच्या माणसाला रोल बार म्हणजे काय ते आधी समजलंच नाही, तेव्हा दादाने त्याला माझ्या कामावरच्या गाडीचा फोटो पाठवला. बारवालं मशीन मागवावं लागेल, वेळ लागेल आणि महाग पडेल, असं उत्तर आलं. दादा थांबायला तयार आहे. आलं तरी ते वरच्या सपाट भागातच फिरणार आहे. नदीकडचा पट्टा पोरं खांद्यावरच्या कटरनेच कापतील. माझ्या घरच्या तळ्याकाठी मी कापणं सोडून दिलंय, तिथे आता लोमांड्राचे, म्हणजे तिकडच्या एका गवतासारख्या झुडपाचे, गड्डे लावलेत.