कसोटी समालोचनातून फ्रेझल व्हर्ब: अभ्यासाची नोंद

कसोटी सामन्यांचे इंग्रजी समालोचन ऐकत फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला 'इन', 'ऑफ', 'अप' असा छोटा शब्द जोडून नवा अर्थ देणारे प्रयोग, शिकण्याचा माझा उपक्रम आता अशा टप्प्यावर आला आहे, की अनोळखी प्रयोग कानावर पडला तरी मी लगेच शब्दकोश उघडत नाही. क्षणापूर्वी मैदानावर काय घडले हे ठाऊक असल्याने अर्थाचा अंदाज बांधता येतो आणि शब्दकोश तो पडताळण्यापुरताच लागतो.

सर्वाधिक वेळ 'पुट'ने घेतला. नाणेफेक जिंकून प्रतिस्पर्ध्यांना प्रथम फलंदाजी करायला लावली, की 'पुट इन'. दोन फलंदाजांनी भागीदारीत धावांची भर घातली, की 'पुट ऑन'. स्लिपमध्ये झेल सुटला, की 'पुट डाऊन'. 'पुट' म्हणजे ठेवणे, एवढ्या माहितीवर यांतील एकही अर्थ हाती लागत नाही. म्हणून वहीतील नोंदी मी आता क्रियापदानुसार न करता त्याला जोडून येणाऱ्या छोट्या शब्दानुसार करतो, आणि प्रत्येक नोंदीत संपूर्ण वाक्य लिहितो.

या मांडणीचा खरा लाभ 'सी ऑफ' आणि 'सी आऊट' यांच्या बाबतीत झाला. नवा चेंडू 'सी ऑफ' करणे म्हणजे त्याची धार ओसरेपर्यंत त्याला तोंड देऊन धोका परतवून लावणे, तर दिवस 'सी आऊट' करणे म्हणजे खेळ थांबेपर्यंत टिकून राहणे. 'ऑफ'मध्ये दूर सारण्याचा भाव आहे, 'आऊट'मध्ये शेवट गाठण्याचा. त्यामुळे पुढे षटक 'प्ले आऊट' केल्याचे ऐकले, तेव्हा अर्थ आपोआप उलगडला.

सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मधील आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत अशा प्रयोगांमुळे परकीयांना सर्वांत मोठी अडचण येते, असे नोंदवले आहे. मराठी भाषकाने मात्र धीर सोडू नये, असे मला मनापासून वाटते. सांगून टाकणे, सांगून ठेवणे आणि सांगून बसणे यांतील फरक आपण कोणत्याही नियमावाचून जाणतो, आणि तीच जाण इथे उपयोगी पडते.

ऐकताना आघाताकडेही लक्ष द्यावे. 'सी देम ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर पडतो, आणि सर्वनाम नेहमी मध्येच येते. 'सी ऑफ देम' असे कोणी म्हणत नाही.

सध्या 'अप'चे पान अपुरे आहे. तळाचे फलंदाज झटपट बाद करून डाव 'रॅप अप' करणे आपल्या वृत्तपत्रांतील 'डाव गुंडाळला'शी तंतोतंत जुळते, शतक 'ब्रिंग अप' करण्यातही पूर्णत्वाचा भाव दिसतो. परंतु बळी 'पिक अप' करणे या गटात बसत नाही, म्हणून त्याच्यासाठी मी वेगळा रकाना आखला आहे.