मेल सर्व्हरवर स्पॅम फिल्टर बसवताना: गुणांना हात लावण्याआधी

डेबियन १२ (लिनक्स), २ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), चाळीसेक मेलबॉक्स. पोस्टफिक्स मेल स्वीकारतो, आरस्पॅमडी हा स्पॅम फिल्टर तो तपासून लागू पडलेल्या प्रत्येक नियमाचे गुण देतो, डोव्हकॉट पेटीत टाकतो आणि आरस्पॅमडीने शिकलेलं सगळं रेडिस या डेटाबेसमध्ये साठतं. तक्रारी दोन्ही बाजूंनी होत्या: जाहिराती सरळ इनबॉक्समध्ये, आणि कामाची बिलं मात्र गायब. अशा वेळी हात आधी गुणांच्या मर्यादेकडे जातो. पण मर्यादा उतरवली की बिलं आणखी अडकतात, आणि चढवली की जाहिराती वाढतात. म्हणून मी मर्यादा मूळच्याच ठेवल्या: गुणांची बेरीज ४ झाली की ग्रेलिस्टिंग (थोड्या वेळाने पुन्हा ये, असा तात्पुरता नकार), ६ ला स्पॅमचं हेडर (मेलच्या माथ्यावरची खूण), १५ ला मेल दारातूनच परत. आधी बेरीज कशाची होतेय ते बघायचं ठरवलं.

त्यासाठी आरस्पॅमडीच्या मिल्टर हेडर्सच्या (मिल्टर म्हणजे पोस्टफिक्सला जोडलेला फिल्टर) फाइलीत 'एक्स्टेंडेड स्पॅम हेडर्स' हा पर्याय चालू केला. मग प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये कोणकोणते सिम्बॉल (म्हणजे जुळलेले नियम) लागले आणि कुणाला किती गुण पडले, याची पूर्ण यादी दिसते. बदल नेहमी 'लोकल.डी' फोल्डरमध्ये करायचे, मूळ फाइलींना हात लावायचा नाही, नाहीतर पुढच्या अपडेटच्या वेळी गोंधळ होतो. आणि दर बदलानंतर 'आरस्पॅमएडीएम कॉन्फिगटेस्ट' ही सेटिंग्ज तपासणारी आज्ञा चालवल्याशिवाय सेवा रीस्टार्ट करायची नाही. काम चालू असेपर्यंत पोस्टफिक्समध्ये 'सॉफ्ट बाउन्स' यस ठेवलं. त्यामुळे कायमचा नकार तात्पुरत्या नकारात बदलतो आणि आपल्या चुकीने परत गेलेला मेल समोरचा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा पाठवतो. काम संपल्यावर ते आठवणीने बंद करायचं.

पहिल्याच स्पॅम मेलच्या यादीत उत्तर दिसलं. 'डीबीएल ब्लॉक्ड ओपन रिझॉल्व्हर' आणि 'यूआरआयबीएल ब्लॉक्ड' असे दोन सिम्बॉल, दोन्हींचे गुण शून्य. म्हणजे ब्लॅकलिस्टकडे (स्पॅमशी जोडलेल्या पत्त्यांच्या ऑनलाइन याद्यांकडे) प्रश्न जात होते, पण उत्तरच मिळत नव्हतं. फिल्टर चालू होता, पण त्याचा एक डोळा मिटलेला होता.

कारण डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याची व्यवस्था; ब्लॅकलिस्टकडे प्रश्नही तिच्यातूनच जातात. व्हीपीएसवर नावं शोधण्यासाठी एक सार्वजनिक रिझॉल्व्हर लावलेला होता. स्पॅमहाउससारख्या याद्या छोट्या सर्व्हरना फुकट वापरता येतात, पण कोण किती विचारतंय हे त्यांना कळावं लागतं. सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून लाखो लोकांचे प्रश्न एकाच पत्त्यावरून येतात, म्हणून ते उत्तर नाकारतात. तपासायला सोपं आहे: चाचणीसाठी राखलेला १२७.०.०.२ हा पत्ता उलटा करून स्पॅमहाउसच्या झेन यादीत 'डिग' या डीएनएसला विचारणाऱ्या आज्ञेने विचारायचा. सगळं ठीक असेल तर १२७.०.०.२ सारखं उत्तर येतं. १२७.२५५.२५५.२५४ आलं तर समजायचं की आपण सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारतोय. शेवटी २५५ आलं तर प्रश्नांची संख्या मर्यादेबाहेर गेली आहे, आणि २५२ आलं तर यादीचं नाव लिहिण्यात चूक आहे.

यातली सगळ्यात धोकादायक चूक पोस्टफिक्समध्ये होते. 'रिजेक्ट आरबीएल क्लायंट' या ओळीत नुसतं झेनचं नाव लिहिलं, तर पोस्टफिक्स कुठल्याही उत्तराला 'हा पत्ता यादीत आहे' असंच समजतो. मग २५४ चं उत्तर आलं की जगातला प्रत्येक पाठवणारा स्पॅमर ठरतो आणि सगळे मेल ५५४ या कायमच्या नकाराच्या कोडने परत जायला लागतात. म्हणून नावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं मान्य करायची. एका ओळीतला हा छोटा कंस असेल तर डीएनएस बिघडल्यावर फार तर स्पॅम वाढेल, मेल बंद पडणार नाही.

उपाय म्हणजे सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवणं. त्यात फॉरवर्डर (ज्याच्याकडे प्रश्न पुढे ढकलायचे असा दुसरा रिझॉल्व्हर) टाकायचा नाही, टाकला तर प्रश्न पुन्हा दुसऱ्याच्याच नावाने जातात. अनबाउंडने स्वतः मूळ सर्व्हरपासून उत्तर शोधलं पाहिजे. बसवायला दहा मिनिटं लागतात, आणि ते खरोखर वापरलं जातंय याची खात्री करायला त्याहून बराच जास्त वेळ. तीन जागा बघाव्या लागतात. एक, सिस्टमची रिझॉल्व्ह फाइल (कुठला रिझॉल्व्हर वापरायचा ते यात असतं): नेटवर्कची माहिती आपोआप भरणारा डीएचसीपी ती पुन्हा लिहून टाकतो, म्हणून तिथेच बंदोबस्त करायचा. दोन, आरस्पॅमडी: त्याच्या ऑप्शन्सच्या फाइलीत नेमसर्व्हर म्हणून १२७.०.०.१ स्पष्ट लिहिलं, म्हणजे सिस्टमच्या फाइलीवर भरवसा ठेवायला नको. तीन, पोस्टफिक्स. डेबियनवर त्याची मेल स्वीकारणारी एसएमटीपी प्रक्रिया क्रूटमध्ये (बाकी सिस्टमपासून वेगळ्या बंद फोल्डरमध्ये) चालते आणि तिथे रिझॉल्व्ह फाइलची वेगळी प्रत असते. बाहेरची फाइल बदलली तरी आतली जुनीच राहते. लॉगमध्ये दोन फाइली वेगळ्या असल्याची सूचना येते, पण ती पिवळी सूचना म्हणून डोळ्यांआड होते. नुसतं रीलोड पुरत नाही, पोस्टफिक्स पूर्ण रीस्टार्ट केला की प्रत नवी होते. एवढं केल्यावर दोन्ही 'ब्लॉक्ड' सिम्बॉल गेले आणि त्याच प्रकारचे मेल सहाच्या वर जायला लागले. एकाही नियमाचा गुण बदलावा लागला नाही.

आता गायब होणारी बिलं. एका बिलिंग सॉफ्टवेअरमधून येणारा मेल कुणालाच मिळत नव्हता. लॉगमध्ये बेरीज ४.७: मेसेज आयडी नाही, २.५, तारखेचं हेडर नाही, १, एसपीएफ (हा सर्व्हर त्या डोमेनचा मेल पाठवू शकतो का, ही तपासणी) नापास, १, आणि फक्त एचटीएमएल मजकूर, ०.२. स्पॅम ठरण्याइतके गुण नाहीत, पण चारच्या वर, म्हणून ग्रेलिस्टिंग. आरस्पॅमडी अशा मेलला सांगतो, पाच मिनिटांनी पुन्हा ये. खरा मेल सर्व्हर परत येतो. पण हे सॉफ्टवेअर मेल सर्व्हर नाहीच. ते एकदा दार वाजवतं, नकार आला की विसरून जातं. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर मात्र 'मेल पाठवला' असंच दिसतं. ओटीपीच्या मेलचंही असंच: ते पुन्हा येतात, पण तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते.

यावर खरा उपाय पाठवणाऱ्याकडे आहे. सॉफ्टवेअरने थेट न पाठवता आपल्या डोमेनच्या सर्व्हरवर लॉगिन करून ५८७ पोर्टवरून पाठवायचं, म्हणजे मेसेज आयडी, तारीख, एसपीएफ, डीकेआयएम (डोमेनची डिजिटल सही) सगळं जागच्या जागी येतं. ते होईपर्यंत मी त्या एका आयपीला ग्रेलिस्टिंगमधून सूट दिली. ज्या ठिकाणी ओटीपीचं काम फार आहे, तिथे ग्रेलिस्टिंग पूर्ण बंद करायलाही माझी हरकत नाही. अ‍ॅक्शन्सच्या फाइलीत ग्रेलिस्ट 'नल' केलं की झालं. डीएनएस नीट असेल तर त्याने फारसं नुकसान होत नाही.

सूट देताना मात्र सांभाळायचं. 'आपल्याच डोमेनवरून आलेला मेल कधी स्पॅम नसतो' म्हणून स्वतःचं डोमेन व्हाइटलिस्टमध्ये टाकलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. 'फ्रॉम'मधला पत्ता कुणीही काहीही लिहू शकतो, आणि 'तुमचा पासवर्ड संपतोय' असे फसवे मेल नेमके आपल्याच पत्त्यावरून आल्यासारखे दाखवतात. ती व्हाइटलिस्ट त्यांच्यासाठी उघडं दार ठरते. आरस्पॅमडीच्या व्हाइटलिस्ट मॉड्यूलमध्ये डोमेनबरोबर डीकेआयएम किंवा एसपीएफ पास झाल्याची अट घालता येते. सूट द्यायचीच तर त्या अटीसह द्यायची.

बेझ म्हणजे आधीच्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखायला शिकणारा आरस्पॅमडीचा भाग. त्याच्या शिकवणीत मराठी सर्व्हरला एक वेगळी अडचण येते. २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय बेझ तोंडच उघडत नाही, हा मूळचाच आकडा आहे. घाईत आपण चांगले म्हणून कार्यालयातले मराठी मेल देतो आणि स्पॅम म्हणून हाताशी असतात त्या इंग्रजी जाहिराती. मग बेझ स्पॅम शिकत नाही, भाषा शिकतो. इंग्रजी शब्द दिसला की संशय. रेल्वेचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट, परदेशातल्या मुलाचं पत्र, सगळ्यांना 'बेझ स्पॅम'चे पूर्ण बसले तर ५.१ गुण. मी शिकवणी पुसून पुन्हा केली: चांगल्यांमध्ये तिकिटं, पावत्या, इंग्रजी पत्रव्यवहार मुद्दाम भरला, आणि स्पॅममध्ये मराठीतली झटपट कर्जं, प्लॉट विक्री, लकी ड्रॉ. दोन्ही बाजूंना दोन्ही भाषा असल्या की बेझ मजकुराकडे बघतो. 'आरस्पॅमसी स्टॅट' चालवून दोन्हींचे आकडे फार विषम होत नाहीत ना, हे अधूनमधून बघावं.

याच ओघात एक सांगतो. विषयात 'कर्ज' शब्द आला की मेल अडवायचा, म्हणून पोस्टफिक्सच्या हेडर चेक्समध्ये देवनागरी शब्द लिहू नका, तो कधीच जुळणार नाही. मराठी विषय मेलमध्ये बेस६४ या इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात येतो आणि लॉगमध्ये '४केएस'ने सुरू होणारी अक्षरांची माळ दिसते. पोस्टफिक्स ती उलगडत नाही, आरस्पॅमडी उलगडतो. शब्दांचे नियम तिथेच लिहायचे.

रोजची शिकवणी लोकांच्याच हातून व्हावी म्हणून डोव्हकॉटचं आयमॅपसीव्ह (मेल फोल्डर बदलला की स्क्रिप्ट चालवणारं) लावलं: जंकमध्ये मेल हलवला की स्पॅम म्हणून शिकायचं, जंकमधून बाहेर काढला की चांगला म्हणून. यात एक खाच आहे. लोक जंक साफ करतात तेव्हा मेल जंकमधून ट्रॅशमध्ये जातो, आणि साध्या स्क्रिप्टला ते 'बाहेर काढला' असंच वाटतं. म्हणजे जितकी साफसफाई जास्त, तितका स्पॅम 'चांगला' म्हणून शिकला जातो. बाहेर काढण्याच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच लिहायचं: जायचं ठिकाण ट्रॅश असेल तर थांब. दुसरं, काही मेल प्रोग्रॅम 'जंक ई-मेल' नावाचा आपला वेगळाच फोल्डर बनवतात आणि त्यात टाकलेलं काहीच शिकलं जात नाही. डोव्हकॉटमध्ये जंक फोल्डरला विशेष वापराची खूण दिली की बहुतेक प्रोग्रॅम तोच वापरतात. स्क्रिप्ट बदलल्यावर 'सीव्हसी'ने पुन्हा कंपाइल करायची आणि ज्या शेल फाइलीकडे मेल जातो तिला चालवण्याची परवानगी आहे ना, ते बघायचं. नसेल तर फोल्डर बदलतो, सगळं ठीक वाटतं, आणि शिकवणी शून्य.

रेडिसला मेमरीची मर्यादा घातली असेल तर जागा भरल्यावर काय टाकायचं हे धोरणही बघावं. कुठलीही नोंद टाकण्याची मुभा असेल तर तो बेझचे शब्दच टाकून देतो. तिथे 'व्होलाटाइल टीटीएल' (फक्त मुदत घातलेल्या नोंदीच टाकायच्या) ठेवलं, आणि डिस्कवर साठवण चालू आहे हेही पाहिलं.

पोस्टफिक्सला आरस्पॅमडीचा ११३३२ पोर्ट मिल्टर म्हणून जोडला आहे आणि मिल्टर बंद पडला तर मेल स्वीकारायचा असं ठेवलं आहे. त्यामुळे आरस्पॅमडी पडला तर मेल थांबत नाही, न तपासता आत येतो. म्हणून आरस्पॅमडी चालू आहे की नाही यावर वेगळा पहारा लागतो. मी दर तासाला जीट्यूब नावाची ठरलेली चाचणी ओळ घातलेला एक मेल बाहेरून पाठवतो. तो दारातूनच परत गेला तर फिल्टर जागा आहे. ज्या दिवशी तो इनबॉक्समध्ये दिसेल, त्या दिवशी आधी आरस्पॅमडीचा लॉग उघडायचा.