पायउतार, पण कसा?

कुणी सत्तेवरून पायउतार झाल्याची बातमी वाचली की तीच बातमी मी इंग्रजीत शोधते. माणसाला नेमकं कसं उतरवलं, हे तिथल्या क्रियापदातच दडलेलं असतं. ‘अनसीट’ केलं, म्हणजे मुळात घोड्यावरून पाडलं. ‘डिपोज’ म्हणजे नुसतं खाली ठेवलं, एखादं गाठोडं ठेवावं तसं. ‘कू’, म्हणजे बळाने केलेला सत्तापालट, हा मुळात फ्रेंच तडाखा. लिहिताना शेवटी ‘पी’ असतो, पण तो तोंडातून बाहेर पडत नाही. कटाला शोभेलसंच आहे म्हणा!

सगळ्यात भारदस्त शब्द ‘इम्पीच’, म्हणजे महाभियोग लावणे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली पायातली बेडी आहे. पण ही बेडी भलतीच सैल. अमेरिकेत अँड्र्यू जॉन्सन १८६८ साली, बिल क्लिंटन १९९८ साली आणि डोनाल्ड ट्रम्प २०१९ व २०२१ असे दोनदा ‘इम्पीच’ झाले, आणि चारही वेळा सिनेटमध्ये सुटले. खरोखर गेले ते निक्सन, १९७४ साली. त्यांच्यावर महाभियोगाचं मतदान व्हायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला होता.

माझा लाडका शब्द मात्र ‘डीफेनेस्ट्रेट’. उच्चारताना जीभ दोनदा अडखळते आणि अर्थ निघतो ‘खिडकीबाहेर फेकणे’. यासाठी स्वतंत्र क्रियापद लागावं, इतकी ही गोष्ट नित्याची होती की काय? प्रागमध्ये तरी होती. १४१९ साली तिथे नगरसभेच्या लोकांना खिडकीतून फेकलं होतं. मग २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी किल्ल्याच्या खिडकीतून सम्राटाचे दोन कॅथलिक कारभारी भिरकावले आणि त्यांच्यामागून त्यांचा चिटणीसही. खिडकी सुमारे सत्तर फूट उंच, तरी तिघेही वाचले. मेरीमातेने झेललं, असं कॅथलिक म्हणाले. खाली उकिरडा होता, असं विरोधक. पुढे तीस वर्षं युरोप लढत राहिला.

आता हा शब्द पक्षाच्या बैठकीत अध्यक्ष बदलला तरी वापरतात. खिडकी बंद, एसी चालू, आणि म्हणे डीफेनेस्ट्रेशन! आपली ‘उचलबांगडी’ त्यापेक्षा प्रामाणिक वाटते. निदान हातापायांना धरून उचलल्याचं चित्र तरी डोळ्यांपुढे येतं.

त्या चिटणिसाचं, फाब्रिशियसचं, पुढे बरं झालं. सम्राटाने त्याला सरदारकी दिली आणि नावाला बिरुद जोडलं ‘होहेनफाल’. म्हणजे उंचावरून पडलेला.